दव कुठून येतं? हिवाळ्याचे हवामान आणि मुलांचे लेखन: एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

निफाड तालुक्याच्या द्राक्षपट्ट्यातली जिल्हा परिषदेची छोटी शाळा. चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग, पटावर २३ मुले, शिकवायला एकच शिक्षिका. यांतली ६ मुले सुरगाणा-पेठ भागातून बागांच्या कामाला आलेल्या मजुरांची. छाटणीच्या सुमारास येतात, खुडा म्हणजे द्राक्षांची तोडणी संपली की परत जातात. गाव, शाळा आणि मुले ओळखू येतील असे तपशील इथे बदलले आहेत.

निफाडच्या थंडीची ओळख महाराष्ट्राला करून द्यावी लागत नाही. कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रात नोंदवलेले किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. काही हिवाळ्यांत ते ५ अंशांच्याही खाली उतरते. या मुलांच्या घरी थंडी हा पैशाचा विषय आहे. रात्र फार गारठली की द्राक्षमण्यांची फुगवण मंदावते, साखर भरायला वेळ लागतो, मण्यांना तडे जातात. रात्री थंड आणि दिवसा उबदार अशी तफावत राहिली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते; शेतकरी तिला पिंक बेरी म्हणतात आणि असा माल निर्यातीत नाकारला जाण्याची धास्ती असते. म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद लावतात, रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात. हे सगळे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते, काही वेळा त्यांच्याच हातून घडते.

अडचण

डिसेंबरच्या सुरुवातीला शिक्षिकेने ‘हिवाळा’ या विषयावर लिहायला सांगितले. वह्या आल्या त्या जवळजवळ एकसारख्या: ‘हिवाळ्यात थंडी वाजते. लोक स्वेटर घालतात. शेकोटी पेटवतात.’ कल्पक लिहा असे सांगितल्यावर बऱ्याच मुलांच्या गोष्टीत बर्फ पडला, घरांची छपरे पांढरी झाली, एका गोष्टीत बर्फाचा माणूसही उभा राहिला. यांतल्या एकाही मुलाने पडणारा बर्फ पाहिलेला नाही. अमेरिकेतल्या मराठी शाळेतल्या मुलाने बर्फ लिहिला तर तो त्याच्या अंगणातला असतो. इथे तो टीव्हीवरून आला होता. आणि घडांना कागद लावणारे घर एकाही वहीत नव्हते.

हवामानाच्या समजुतीचीही तीच गत. पहाटेच सगळ्यात जास्त थंडी का, ढग आले की रात्र उबदार का, गवत ओले कशाने होते, या प्रश्नांना उत्तरे आली ती ‘हिवाळा असतो म्हणून’ अशी. मजुरांच्या मुलांपैकी तिघांनी दोन ओळींपलीकडे लिहिलेच नव्हते.

म्हणजे अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मुलांना स्वतःचा हिवाळा लिहिण्याजोगा वाटत नव्हता, आणि तो न्याहाळून पाहण्याचे निमित्तही त्यांच्यापाशी नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा: फळ्यावर शब्दपेटी देऊन दहा ओळींचा निबंध. वेळ कमी लागतो, परीक्षेला चालतो. पण तोच निबंध पुन्हा आला असता, फक्त ‘गुलाबी थंडी’ आणि ‘धुक्याची दुलई’ घालून.

दुसरा, चित्र दाखवून मुक्त कथालेखन. मुले रमतात, पण चित्र कुठून आणणार? सहज हाताशी येणारी हिवाळ्याची चित्रे बर्फाचीच असतात.

तिसरा, आधी विज्ञानाचा पाठ पुरा करायचा आणि मग लेखन. यात मुले पाठातली व्याख्याच गोष्टीतल्या ससोबाच्या तोंडी देतात. बाष्पीभवन समजावून सांगणारे ससे पुष्कळ पाहायला मिळतात. त्यांतून लेखनही शिकले जात नाही आणि बाष्पीभवनही.

चौथा, तीन आठवड्यांचा: रोज दहा मिनिटे नोंदवही, आठवड्याला लेखनाच्या दोन तासिका आणि मध्ये छोटे प्रयोग. धोका उघड होता. अभ्यासक्रम मागे पडेल, गैरहजर मुलांच्या नोंदी तुटतील. शिक्षिकेने भाषा आणि परिसर अभ्यासाच्या तासिका जोडून हा पर्याय घेतला. निर्णायक ठरले ते हे की, नोंदवहीत लिहायला वाक्यरचना चांगली असावी लागत नाही. दोन ओळींवर अडणारे मूलही ‘खोबरेल गोठलं’ एवढे लिहू शकते.

पहिला आठवडा: मोजणे आणि एक वाक्य

शाळा साडेदहाची आणि किमान तापमान सूर्योदयाच्या आसपासचे. त्यामुळे तापमापी शाळेत ठेवून भागणार नव्हते. ती शाळेला लागून राहणाऱ्या एका मुलीच्या अंगणात लावली. सकाळी पावणेसात आणि दुपारी अडीच अशा दोन नोंदी. सकाळची तिने घ्यायची, दुपारची वर्गाने.

पहिल्या दोन दिवसांत आकडे जुळेनात. पेपरात कुंदेवाडीचे ८ अंश, अंगणात १३. कारणे दोन निघाली. तापमापी पडवीच्या विटांच्या भिंतीला टांगलेली होती. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर उष्णता सोडत राहते. शिवाय तापमापीच दीड-दोन अंश जास्त दाखवत होती. ठेचलेल्या बर्फात थोडे पाणी घालून, ढवळून, तिचे टोक पाच मिनिटे बुडवले तर ० दिसायला हवे. दिसले २ च्या जवळ. मग प्रत्येक नोंदीतून तेवढे वजा करायचे ठरले.

जागाही बदलली. द्राक्षाचे रिकामे प्लास्टिक क्रेट आडवे करून, वर पांढरे कापड ताणून, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर बांबूच्या घोडीवर बांधले. उघडी बाजू उत्तरेकडे. क्रेटच्या फटींतून हवा खेळते, ऊन थेट लागत नाही. हवामान खात्याच्या लाकडी जाळीदार पेटीचे काम यातून बऱ्यापैकी होते. यानंतर पेपरातला आकडा आणि अंगणातला आकडा यांत फरक राहिला तो एक-दीड अंशाचा, आणि दोन ठिकाणे वेगळी असली की तेवढा राहणारच.

नोंदवहीत रकाने चार: वेळ, तापमान, आकाश (निरभ्र, थोडे ढग, पूर्ण ढग) आणि ‘थंडीने काय केलं?’ शेवटच्या रकान्याला नियम एकच: आठवडाभर ‘थंडी वाजली’ लिहायचे नाही. थंडीने एखाद्या वस्तूचे, जनावराचे किंवा अंगाचे काय केले ते लिहायचे.

हा नियम फार कामाचा निघाला. ‘हंड्याला हात लावला तर हात मागे आला.’ ‘म्हशीच्या नाकातून धूर येतो.’ ‘आजीने खोबरेलाची बाटली चुलीपाशी नेली.’ प्रत्येक वाक्यात एक प्रश्न दडलेला होता आणि शिक्षिकेने पुढचे प्रयोग या वाक्यांतूनच निवडले. खोबरेल सुमारे २४ अंशांखालीच गोठू लागते, म्हणजे मुले समजत होती तशी त्याला कडाक्याची थंडी लागत नाही. दुपारीही ते सावलीत घट्ट राहिलेले मुलांनी स्वतः पाहिले. हंडा आणि लाकडी पाट शेजारी ठेवून दोन्हींचे तापमान मोजले तर सारखेच. फरक एवढाच की धातू हातातली उष्णता भराभर ओढून घेतो. म्हशीच्या ‘धुरा’साठी आरशावर श्वास सोडणे पुरले.

दुसरा आठवडा: फसलेला प्रयोग आणि कागदाचे छप्पर

दव समजावण्यासाठी शिक्षिकेने तीन मुलांना रात्री दोन-दोन स्टीलच्या ताटल्या ठेवायला सांगितल्या: एक उघड्या अंगणात, एक पडवीत छपराखाली. सकाळी अंगणातली ओली, पडवीतली कोरडी. मुलांनी निष्कर्ष काढला, आणि तो समोरच्या पुराव्याला धरूनच होता: दव पावसासारखे वरून पडते, छपराने ते अडवले. चुकीची समजूत प्रयोगाने पक्की केली.

खरे कारण असे. निरभ्र रात्री उघडी ताटली आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते. छपराखालच्या ताटलीला छपराकडून उष्णता परत मिळत राहते, ती तेवढी गार होत नाही. पण हे नुसते सांगून दहा वर्षांचे मूल मानत नाही. त्याने ओली ताटली पाहिलेली असते.

इथे शिक्षिकेपुढे दोन वाटा होत्या: बरोबर उत्तर सांगून पुढे जायचे, किंवा वाद उघडा ठेवून दुसरा पुरावा शोधायचा. तिने विचारले, “वर उघडं आभाळ नसताना दव येतं असं कुठे पाहिलंय का कोणी?” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सुरगाण्याकडची एक मुलगी, जिच्या वहीत तोवर सगळ्यांत कमी ओळी होत्या, म्हणाली, “आमच्या कागदाला आतून पाणी येतं, बाई. पाऊस नसतो तरी. सकाळी अंगावर टपकतं.”

कागद म्हणजे मजुरांच्या झोपडीवर टाकलेले प्लास्टिक. आत माणसे झोपतात, पहाटे चूल पेटते. श्वासातली आणि चुलीवरच्या पाण्याची वाफ बाहेरून गारठलेल्या प्लास्टिकला आतून लागते आणि तिचे थेंब होतात. वरून काही पडायचा प्रश्नच नाही. पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या आणखी दोघांनीही लगेच दुजोरा दिला. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हा. ज्या मुलीला वर्ग मागे पडलेली समजत होता, तिच्यापाशी वर्गाला हवा असलेला पुरावा होता.

मग दुसऱ्या दिवशी पेल्याचा प्रयोग. माठातल्या पाण्याचा पेला कोरडाच राहिला. दुपारची हवा इतकी कोरडी असते की तेवढ्या गारव्याने थेंब धरत नाहीत. म्हणून प्रयोग सकाळच्या पहिल्या तासाला आणि बर्फ घालून करावा. स्टीलचा पेला बाहेरून कोरडा पुसायचा, अर्धा पाणी, अर्धा ठेचलेला बर्फ, थोडी निळी शाई. पाचेक मिनिटांत बाहेर थेंब येतात. शाई यासाठी की ‘पाणी झिरपलं’ म्हणणारी मुले हमखास असतात. बाहेरचे थेंब बिनरंगी निघाले की तो मुद्दा मिटतो.

दुसऱ्या पेल्यात तीन भाग ठेचलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ घालून ढवळले. मिश्रणाचे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते आणि पेल्याच्या बाहेर पांढरा, खरखरीत थर धरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर आणि वाहनांच्या टपांवर गोठणारे दव ते हेच. हा पेला मुलांना हातात धरून ठेवू देऊ नये, कातडीला इजा होते. नखाने थर खरवडून पाहणे पुरे.

याच आठवड्यात आभाळ भरून आले. सकाळचा आकडा ८ वरून दोन दिवसांत १५ वर गेला आणि नोंदवहीतल्या तिसऱ्या रकान्याचे महत्त्व मुलांना आपोआप कळले. घरची मोठी माणसे मात्र थंडी कमी झाली म्हणून खुश नव्हती; ढगाळ, दमट हवेत द्राक्षावर भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग येतात, फवारण्या वाढतात. तेही वह्यांत आले.

‘थंडीची लाट’ हे शब्द मुले सर्रास वापरत होती. शिक्षिकेने हवामान खात्याची व्याख्या फळ्यावर लिहिली: मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा कमी, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक खाली; किमान ४ अंश किंवा कमी असेल तर सरासरी न पाहताही लाटच. मुलांनी आपल्या नोंदी तपासल्या आणि दोन गोष्टींतून ‘लाट’ स्वतःहून खोडली.

२२ डिसेंबरला एक मीटर काठीची सावलीही मोजली. या भागात त्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो तो साधारण १२ वाजून ३२ मिनिटांनी, आणि सावली ९५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात हीच सावली नाहीशी होते. ऊन तिरपे पडते म्हणजे काय, हे त्या रेघेवर दिसते.

तिसरा आठवडा: लेखन

लेखनाचे तीन प्रकार दिले, मुलाने एक निवडायचा. बागेतल्या शेकोटीजवळची एका रात्रीची डायरी, रात्री १० ते सकाळी ७, किमान पाच नोंदी. गव्हाचे द्राक्षाला पत्र: थंडी गव्हाला मानवते, तिच्यात त्याचे फुटवे वाढतात, द्राक्षाला तीच भोवते. किंवा ‘आमच्याकडची पहाट’. अट सगळ्यांना एकच: नोंदवहीतल्या निदान तीन गोष्टी लेखनात आल्या पाहिजेत, आणि एका तरी गोष्टीचे कारण गोष्टीतच कळले पाहिजे.

पत्र सगळ्यांत चांगले जमले. दोन पात्रांचे हितसंबंध वेगळे असल्याने मुलांना कारण सांगावेच लागते. एका पत्रात गहू लिहितो: ‘मी उघडा उभा आहे आणि मजेत आहे. तुला मात्र आत्याबाई पेपरात गुंडाळतात. त्या पेपरात माझ्या भावाचे बाजारभाव आहेत, ते वाचून कळव.’ डायरीत नोंदी सुरुवातीला घड्याळापुरत्याच होत होत्या: ‘१२ वाजले. थंडी वाढली.’ तेव्हा प्रत्येक नोंदीत तापमान, आकाश आणि शेकोटीचा धूर कुठे जातो हे तिन्ही लिहायला सांगितले. वारा नसलेल्या रात्री धूर थोडा वर चढून आडवा पसरतो, हे एका मुलाने वडिलांसोबत बागेत पाहून लिहिले. जमिनीलगत थंड हवा आणि वर तुलनेने उबदार, हा थर त्याने शब्द माहीत नसताना पकडला.

सगळ्यांत कठीण निर्णय एका मुलाच्या गोष्टीने समोर आणला. त्याची थंडी म्हणजे हिमालयातून पाठीवर पोते घेऊन चालत येणारी म्हातारी. ती रोज रात्री प्रत्येक गावात मूठभर थंडी टाकते. लेखन सुरेख. शास्त्र अर्धेच बरोबर: उत्तरेकडचे कोरडे, गार वारे थंडी आणतात हे खरे, पण रात्रीचा गारठा पुष्कळसा जागच्या जागी, जमीन आपली उष्णता सोडते त्यातून तयार होतो. लाल पेनाने ‘चूक’ लिहावे तर गोष्ट मेली असती. तसेच सोडावे तर वर्गाने ती समजूत धरली असती.

शिक्षिकेने समासात एक प्रश्न लिहिला: ‘ढग आले त्या दोन रात्री म्हातारी कुठे होती?’ मुलगा नोंदवही घेऊन बसला. नव्या खर्ड्यात म्हातारी थंडी टाकत नाही. ती गावागावांतून ऊब गोळा करून पोत्यात भरते आणि आभाळात सोडून देते. ढगांच्या रात्री आभाळाने गावावर गोधडी घातलेली असते, म्हणून तिचे पोते भरत नाही. दुरुस्तीने गोष्ट आणखी चांगली झाली. समासात फक्त प्रश्न लिहायचा, आणि त्याचे उत्तर मुलाच्या स्वतःच्या नोंदींत सापडेल असाच लिहायचा, ही पद्धत पुढे सगळ्याच वह्यांना लावली.

कागदाच्या छपराखालच्या मुलीने ‘आमच्याकडची पहाट’ निवडली. ती बोलत गेली, पाचवीतल्या एकीने लिहून घेतले, मग तिने स्वतः उतरवले. त्यात एकाच पांघरुणात झोपणाऱ्या तीन भावंडांचा उल्लेख होता. हे वर्गात वाचायचे का? शिक्षिकेने तिलाच एकटीला बोलावून विचारले. थेंबांचा भाग वाचा, बाकीचा नको, असे तिने सांगितले. तेवढाच वाचला गेला. पांघरुणांची सोय शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांनी वर्गाला कळू न देता केली, आणि ती वस्तीवरच्या सगळ्याच घरांसाठी केली, जेणेकरून कोणाकडे बोट दाखवले जाणार नाही. थंडीवर लिहायला सांगणाऱ्याने असे लेखन येणार हे आधीच धरून चालावे.

निष्पत्ती

जानेवारीत, भोगीच्या आधी, हस्तलिखित तयार झाले. बर्फ एकाच लेखात आला, तोही मिठाच्या पेल्यावरचा. दोन ओळींवर थांबणाऱ्या तिघांपैकी दोघांनी पानभर लिहिले. तिसऱ्याच्या घरचे मधेच दुसऱ्या बागेवर गेले आणि त्याचे लेखन अर्धे राहिले. ते तसेच, अर्धेच, हस्तलिखितात घेतले.

हवामानाच्या बाजूने यश सरमिसळ. दव, श्वासाची वाफ आणि ढगाळ रात्र यांची कारणे बहुतेक मुले स्वतःच्या शब्दांत सांगू लागली. जमीन उष्णता आकाशाकडे सोडते, ही मधली कडी मात्र थोड्यांनाच पकडता आली. बाकीच्यांसाठी ‘ढग थंडीला अडवतात’ इथेच गाडी थांबली. अभ्यासक्रम आठवडाभर मागे राहिला आणि तो भरून काढायला शनिवारच्या तासिका लागल्या.

वेगळे काय करता येईल

पेल्याचा प्रयोग ताटल्यांच्या आधी घ्यावा. वर्गाच्या आत, छपराखालीच थेंब येताना एकदा पाहिले की ताटल्यांचा निकाल मुलांना कोडे वाटतो. आधी पाहिला तर तो पुरावा वाटतो.

नोंदी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू कराव्यात. आकडे उतरताना दिसले पाहिजेत. डिसेंबरच्या मध्यावर थंडी आधीच स्थिरावलेली असते.

तापमापी दोन असाव्यात, दुसरी गवतालगत. निरभ्र, शांत रात्री गवताजवळचा आकडा सव्वा मीटरवरच्या आकड्यापेक्षा काही अंशांनी कमी निघतो. पेपरात ४ अंश असताना दव कसे गोठले, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे, आणि निसटलेली मधली कडी दाखवायलाही हाच पुरावा सर्वांत सोपा.

तोंडी सांगून लिहून घेणे पहिल्या दिवसापासून ठेवावे. इथे ते तिसऱ्या आठवड्यात सुचले. मजुरांच्या मुलांची कितीतरी वाक्ये तोवर हवेत विरली होती.

ही आखणी दुसरीकडे नेताना पिकेही बदलावीत आणि प्रश्नही. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यालगत पारा एवढा उतरत नाही. तिथे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारी उलट फिरणारा खारा वारा यांच्या नोंदी घ्याव्यात, आणि गव्हाच्या जागी पहाटे होडी बाहेर काढणारा माणूस व दुपारी वाळवणाला बसलेली त्याची बायको एकमेकांना निरोप धाडू शकतात. आंब्याचा मोहोर असेल तर थंडीची वाट पाहणारे पात्र तिथेही आयते मिळते.